इंजिनाच्या नाकातली काजळी

इंजिनात जाणारी हवा मोजायची कशाला? हवा फुकट असते. पैसे पडतात ते डिझेलचे. डिझेल इंजिनाच्या जन्मानंतर कित्येक दशके ते बनवणाऱ्यांनीही हा प्रश्न फारसा मनावर घेतला नव्हता. आज मात्र कोणत्याही नव्या डिझेल पिक-अपचे बॉनेट उघडा. हवा आत जाण्याच्या वाटेवर दोन-तीन लहान सेन्सर बसवलेले दिसतील. गाडी काही हजार किलोमीटर धावली, की मेकॅनिक हे सेन्सर काढतो, त्यांवर साचलेली काळी चिकट काजळी धुतो आणि ते परत जागेवर बसवतो. काम पंधरा-वीस मिनिटांचे. पण ते का करावे लागते याचा माग काढू लागलो, तर उष्णता, दाब आणि मोजमाप यांचा मोठा इतिहास उलगडत जातो. शिवाय मोजमापाविषयीची एक गोष्ट लक्षात येते, जी विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावी अशी आहे.

हवा न मोजणारे इंजिन

रुडॉल्फ डिझेल याने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला. १८९७ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी त्या इंजिनाची चाचणी घेतली. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जेचे कामात रूपांतर होते, असे तीत दिसले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा फारच मोठा होता.

पेट्रोलच्या आणि डिझेलच्या इंजिनांत एक मूलभूत फरक आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवतात. हे मिश्रण नीट जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. प्रमाण फार बिघडले, तर मिश्रण पेटतच नाही. म्हणून पेट्रोल इंजिनाला पहिल्यापासून हवेचा हिशेब ठेवावा लागला. विल्हेल्म मायबाख याने १८९३ च्या सुमारास तयार केलेल्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीनेच पेट्रोलचा फवारा उडत असे. पुढच्या कार्ब्युरेटरांत हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असे. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या जोव्हानी व्हेंतुरीने १७९७ मध्येच मांडले होते. घटलेल्या दाबाने पेट्रोल ओढले जाई. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त.

डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यात दट्ट्या नुसती हवा आत ओढतो आणि ती इतकी दाबतो, की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. हवा दर खेपेला सिलिंडरभर घ्यायची आणि ताकद कमी-जास्त करायची ती फवाऱ्यातले डिझेल कमी-जास्त करून. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच असे, त्यामुळे ती मोजण्याची गरज नव्हती. एकच पथ्य होते : डिझेल फार सोडायचे नाही, नाहीतर सगळे कार्बनकण जळत नाहीत आणि काळा धूर निघतो. त्यासाठी डिझेलच्या पंपावर एक मर्यादा ठरवून दिलेली असे. ती किती हे कारखान्यात एकदा ठरले, की विषय संपला.

या निश्चिंतपणाला पहिला धक्का दिला टर्बोचार्जरने. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक पाते फिरवायचे आणि त्याच्या दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. पण टर्बोचे पाते वेग घ्यायला थोडा वेळ घेते. चालकाने पॅडल दाबताच डिझेल वाढते, हवा मात्र क्षणभर मागे राहते आणि धुराचा लोट उठतो. यावर उपाय म्हणून डिझेल पंपावर एक लवचिक पडदा आणि स्प्रिंग बसवू लागले. आत येणाऱ्या हवेचा दाब पडद्यावर पडे; दाब वाढला तरच पडदा सरके आणि जास्त डिझेलला वाट मिळे. डिझेल इंजिन हवेची चौकशी करू लागले होते.

किती लिटर नव्हे, किती किलो

हवा मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे? अडीच लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २,००० फेरे फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे ते मिनिटाला सुमारे २,५०० लिटर हवा ओढते. पण ज्वलनाला लिटर कळत नाहीत. त्याला लागतात ऑक्सिजनचे रेणू, म्हणजे हवेचे वस्तुमान. समुद्रसपाटीला या २,५०० लिटर हवेचे वस्तुमान साधारण तीन किलो भरेल. अमेरिकेतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो. तेवढेच लिटर ओढूनही इंजिनाच्या वाट्याला हवा कमी येते. आपल्याकडे मुंबईहून महाबळेश्वर चढणाऱ्या गाडीचेही तेच होते. टर्बो असेल, तर दाब क्षणाक्षणाला बदलतो आणि हिशेब आणखी अवघड होतो.

हवेचे वस्तुमान काढायच्या दोन वाटा निघाल्या. पहिली आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या वायूच्या नियमाची. आयतन ठाऊक आहे, दाब आणि तापमान मोजले, तर वस्तुमान गणिताने मिळते. हवा वाटून सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीजुळ्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्यावर एक दाबाचा आणि एक तापमानाचा सेन्सर बसवला आणि इंजिनाचे फेरे मोजले, की काम झाले. बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या पेट्रोल गाड्यांसाठी जी डी-जेट्रॉनिक यंत्रणा आणली, तिच्यात दाब मोजायला हवा काढून घेतलेल्या धातूच्या डब्या होत्या. ल्यूसियें व्हिदी याने १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या द्रवविरहित वायुभारमापकाचीच ही नात. पुढे डब्यांची जागा सिलिकॉनच्या चकतीने घेतली. सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलतो, हे बेल प्रयोगशाळेत काम करताना चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले होते. आजच्या दाब-सेन्सरांचा पाया तो आहे.

दुसरी वाट अधिक मजेची आहे. चहा गार करायला आपण फुंकर मारतो. वाहती हवा उष्णता लवकर नेते आणि प्रवाह जितका जोरकस, तितकी जास्त नेते. मग तापलेल्या तारेची किती उष्णता गेली हे पाहून हवेचा प्रवाह का ओळखू नये? कॅनडातील माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात लुई व्हेसो किंग यांनी प्लॅटिनमच्या बारीक तारांवर प्रयोग करून १९१४ मध्ये याचे गणित प्रसिद्ध केले. तारेतून जाणारी उष्णता दोन भागांची असते : एक स्थिर, आणि दुसरा प्रवाहाच्या वेगाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढणारा. या सूत्राला किंगचा नियम म्हणतात. १९२९ मध्ये अमेरिकेत ह्यू ड्रायडन आणि ए. एम. कुएथे यांनी अशा तारेने वाऱ्याच्या बोगद्यातले झटपट होणारे चढउतार मोजण्याची पद्धत मांडली. विमानविद्येच्या प्रयोगशाळांत ही तार मग चांगलीच रुळली.

मोटारीत ती आली १९८० च्या दशकाच्या प्रारंभी, बॉशच्या एलएच-जेट्रॉनिक यंत्रणेतून. हवेच्या वाटेत सुमारे ७० मायक्रोमीटर जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी, प्लॅटिनमची तार ताणलेली असे. येणाऱ्या हवेपेक्षा तिचे तापमान ठराविक अंशांनी वर राखायचे. त्यासाठी जितका विद्युतप्रवाह लागेल, तितकी हवा जात आहे असे समजायचे. तापमान राखण्याचे काम शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन सेतूच करतो.

पण प्रयोगशाळेतली हवा वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. धूळ बसली की तारेचे मोजमाप सरकते, हे बोगद्यात काम करणाऱ्यांना ठाऊक होते; ते तारेचे अंशांकन पुन्हा पुन्हा तपासत. मोटारचालक ते कसे करणार? म्हणून बॉशच्या अभियंत्यांनी एक युक्ती योजली. इंजिन बंद झाल्यावर ती तार क्षणभर सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवायची. अंगावरचा मळ जळून जाई आणि तार दुसऱ्या दिवसासाठी स्वच्छ होई. सेन्सर धुण्याच्या कामाचा इतिहास म्हणजे असा सेन्सरच्या जन्माइतकाच जुना आहे. पुढे तारेच्या जागी नाजूक तापपट्टी आली. ती स्वस्त आणि चपळ होती, पण तशी लाल तापवता येत नव्हती. स्वतःची आंघोळ स्वतः करण्याची सोय गेली.

धूर पुन्हा इंजिनात

डिझेल पिक-अपपर्यंत हे सगळे पोचले, ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन. एरवी तो शांत असतो. पण ज्वालेच्या प्रखर उष्णतेत ऑक्सिजनशी संयोग पावतो. ही अभिक्रिया तापमानाबरोबर कशी झपाट्याने वाढते, ते रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४६ मध्ये मांडले. हीच ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बने सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोनयुक्त, डोळे चुरचुरवणारे धुरके बनते, हे लॉस एंजेलिसच्या हवेचा अभ्यास करून आरी हाखेन-स्मित यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले.

ज्वालेचे तापमान उतरवायचा एक सोपा उपाय सापडला. बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग गार करून परत आत सोडायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जळत नाहीत. उलट उष्णता शोषून घेतात आणि ऑक्सिजनचे प्रमाण घटवतात. मेकॅनिक ज्याला ईजीआर म्हणतात, ती ही व्यवस्था. अमेरिकेतील पेट्रोल मोटारींत ती १९७० च्या दशकात सर्वत्र दिसू लागली. डिझेल पिक-अपमध्ये मात्र तिचे खरे राज्य २००० नंतर आले. अमेरिकेने अवजड डिझेल इंजिनांसाठी २००७ पासून लागू केलेल्या मानकांत धुरातील कणांची मर्यादा एकदम दहापटीने खाली आणली आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादाही २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने कडक केली.

त्याच २००७ साली डॉज रॅम पिक-अपमध्ये कमिन्सचे ६.७ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आले. कमिन्स हे नाव मराठी वाचकाला परके नाही. किर्लोस्कर समूहाबरोबरची तिची पुण्याची कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि कोथरूडचा कारखाना पुणेकरांच्या ओळखीचा आहे. या नव्या पिक-अप इंजिनाला ईजीआर होते, धुरातले कण अडवणारी गाळणी होती आणि मॅनिफोल्डवर दाब-तापमानाचे सेन्सर होते. त्याच्या सुरुवातीच्या देखभाल-तक्त्यात दर ६७,५०० मैलांनी, म्हणजे सुमारे १,०८,००० किलोमीटरनी, ईजीआरची झडप व शीतक साफ करण्याची सूचना होती. आत काजळी साचणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

साचते ती कशी? ईजीआरमधून येणारा वायू कोरड्या काजळीने भरलेला असतो. इंजिनाच्या तेलाच्या भागातून येणारी वाफही हवेच्याच वाटेला सोडलेली असते, तिच्यात तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. काजळी आणि तेल भेटले की डांबरासारखा लगदा होतो आणि तो मॅनिफोल्डच्या भिंतींवर व तिथल्या सेन्सरांवर बसतो. हवेचे वस्तुमान मोजणारी तार किंवा पट्टी त्याच्या अलीकडे, फिल्टरच्या लगेच पुढे असते; तिच्यावर काजळी कमी, पण बारीक धूळ आणि तेलाचा ओशटपणा जास्त.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ मानके लागू झाली. डिझेलच्या प्रवासी मोटारीसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. भाजीपाला आणि दूध वाहणाऱ्या पिक-अपच्या हवेच्या वाटेवरही तेव्हापासून हे सेन्सर आणि ही काजळी आली आहे.

खोटी बातमी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तापमानाचा सेन्सर हवेचे तापमान सांगत नाही; तो स्वतःच्या मण्याचे तापमान सांगतो. मण्यावर काजळीचे घोंगडे पडले, की बाहेरची हवा बदलली तरी मणी उशिरा बदलतो. दाबाच्या सेन्सरचे छिद्र लगद्याने बुजले, तर तो क्षणापूर्वीचा दाब आताचा म्हणून सांगतो. तार सांगते ती स्वतःची किती उष्णता गेली एवढेच. तिच्यावर मळ बसला, तर उष्णता जाण्याची रीत बदलते. जोरदार प्रवाहात ती बहुधा खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवते.

गाडीतला संगणक यावर विश्वास ठेवतो. त्याला दुसरे डोळे नाहीत. समजा, तार हवा कमी दाखवते आहे. संगणक दोन निष्कर्ष काढतो. एक, हवा कमी आहे, तेव्हा धूर होऊ नये म्हणून डिझेल कमी सोडा. गाडी चढावर दमते. दोन, ताजी हवा कमी आहे, त्या अर्थी ईजीआरचा वायू जास्त येत असणार. तेव्हा त्याची झडप मिटा. झडप मिटली की ज्वाला तापते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती आपल्याला दिसत नाहीत. गाडी दमते हे चालकाला कळते. हवा बिघडते हे कोणालाच कळत नाही.

पुढे काय होते? दमलेली गाडी घेऊन मालक जातो, आणि ‘हे सगळे त्या ईजीआरमुळे, बंदच करून टाका’ असा सल्ला त्याला मिळतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आधीच्या दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिक-अपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती. या गाड्या आपल्या आयुष्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा भर घालतील, असेही त्या अंदाजात म्हटले होते. यांतली प्रत्येक यंत्रणा सेन्सरच्या मळामुळे निघाली असे मुळीच नाही. जास्त ताकदीचा हव्यास हे मोठे कारण होतेच. पण जिथे तक्रारीचे मूळ एखाद्या ओशट सेन्सरमध्ये असते, तिथे बातमीदाराचे तोंड धुण्याऐवजी सगळे खातेच बंद करण्यासारखे हे आहे.

धुण्याची रीत आणि तिची कारणे

धुण्याच्या प्रत्येक नियमामागे वरचेच शास्त्र आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काम करायचे. कारण सफाईचे द्रव बहुधा ज्वालाग्राही असतात. बॅटरीची ऋण तार सोडवायची. सेन्सर काढताना त्याच्या भोवतीची रबरी कडी जपायची. तिथे फट राहिली, तर न मोजलेली हवा आत शिरते किंवा टर्बोने कोंबलेली हवा बाहेर निसटते.

हवेच्या प्रवाहाच्या सेन्सरला ब्रश, चिंधी, कापूस काहीही लावायचे नाही. त्यातली तापपट्टी इतकी पातळ असते, की बोटाच्या स्पर्शाने किंवा हवेच्या पाइपच्या झोताने ती फाटते. त्या कामासाठीच मिळणारा, मागे काही न ठेवता उडून जाणारा फवारा दुरून मारायचा आणि सेन्सर आपोआप वाळू द्यायचा. कार्ब्युरेटर साफ करायचे तीव्र द्रव इथे वापरू नयेत. ते प्लॅस्टिकला खातात. मॅनिफोल्डवरच्या दाबाच्या सेन्सरला काजळी विरघळवणारा सौम्य फवारा पुन्हा पुन्हा मारून लगदा निथळू द्यायचा. छिद्रात तार किंवा टाचणी घालायची नाही, कारण मागेच ती सिलिकॉनची चकती असते. पूर्ण वाळल्याशिवाय सेन्सर जोडायचा नाही. तेल लावलेला फिल्टर असेल, तर त्यावरचे जादा तेल उडून पुन्हा पट्टीवरच बसते, हेही ध्यानात ठेवायचे. इतके करूनही तक्रार राहिली, तर दोष दुसरीकडे शोधायचा.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा सगळा मुद्दा वर्गात दोन सारख्या तापमापींवर दाखवता येतो. एकीच्या फुग्याभोवती कोरड्या कापसाचा जाडसर थर गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. गरम पाण्याच्या भांड्यात एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवून दोन्ही त्याच्या आत, कोरड्या हवेत, दोघींचे वाचन सारखे होईपर्यंत राहू द्या. मग दोन्ही एकदम बाहेर काढून पंख्यासमोर धरा. दर पंधरा सेकंदांनी वाचन घेऊन दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. उघडी तापमापी झपाट्याने उतरेल, गुंडाळलेली रेंगाळत येईल. बऱ्याच वेळाने दोन्ही पुन्हा एक होतील.

मग विद्यार्थ्यांना विचारा : यातली चुकीची तापमापी कोणती? बहुतेक जण गुंडाळलेलीकडे बोट दाखवतील. त्यांना थोडे अडवा. दोन्ही तापमापी आपापल्या फुग्याचे तापमान अगदी खरे सांगत आहेत, आणि स्थिर हवेत दोन्ही उत्तीर्ण झाल्या आहेत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा काजळलेला सेन्सर तपासणीत बरोबर ठरतो आणि घाटात चुकतो, त्याचे कारण हेच. चूक आहे ती त्या वाचनाला ‘हवेचे तापमान’ म्हणण्यात.

शाळेतला तराजू, काविळीच्या निदानासाठी रक्त तपासणारे यंत्र, धरणाची पातळी सांगणारी पट्टी, सगळ्यांना हाच प्रश्न विचारता येतो : हे साधन नेमके कशाची बातमी देते, आणि त्या दोहोंच्या मध्ये काय साचले आहे? आकडा वहीत लिहिण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर काजळीने आपल्याला एक चांगला धडा दिला असे म्हणता येईल.